पहिली नोकरी: नामवंत कंपनीचे नाव घ्यावे की चौदा माणसांच्या स्टार्टअपमध्ये जावे?

तापीकाठ (जळगाव):

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एकाच प्रश्नावर चर्चा चालू आहे. कॅम्पस मुलाखतींच्या हंगामात खान्देशातील अनेक घरांत हाच प्रश्न पडत असणार, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझी भाची जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर रावेर तालुक्यातले, शेती केळीची. तिच्या हातात दोन पत्रे आहेत. पहिले देशभर नाव असलेल्या एका आयटी सेवा कंपनीचे आहे. त्यात वर्षाला ३ लाख ६० हजारांचे पॅकेज आहे, रुजू होण्याची तारीख ‘यथावकाश कळवण्यात येईल’ असे लिहिले आहे, प्रशिक्षणानंतर कोणते शहर आणि कोणते काम मिळेल ते आधी सांगता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरपाई देण्याचा करार आहे. दुसरे पत्र पुण्यातील एका स्टार्टअपचे आहे. तिथे माणसे चौदा, पॅकेज ५ लाख ४० हजार, त्याखेरीज १,२०० ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचे हक्क), आणि काम केळीच्या शीतवाहतुकीत तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे.

हे दुसरे काम तिच्या ओळखीचे आहे. कच्ची केळी साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअसला प्रवास करतात. तापमान त्याखाली गेले की साल काळवंडते आणि वर गेले तर माल वाटेतच पिकू लागतो. तिने लहानपणापासून पॅकहाऊसमध्ये घडाच्या फण्या सुट्या होताना, हौदात धुतल्या जाताना आणि तेरा-तेरा किलोंच्या खोक्यांत भरल्या जाताना पाहिल्या आहेत. खोके कंटेनरमध्ये चढल्यावर पुढे आत काय घडले, याचा पत्ता शेतकऱ्याला माल नाकारला गेल्यावरच लागतो, हेही तिने घरात ऐकले आहे. मुलाखतीत तिने उलट प्रश्न विचारला की, सेन्सर खोक्यांच्या रचनेत नेमका कुठे बसवता, कारण दाराजवळचे तापमान आणि मधल्या थराचे तापमान एक नसते. त्या प्रश्नावरच तिची निवड झाली, असे ती म्हणते.

आमचे दाजी मात्र पहिल्या पत्रावर ठाम आहेत. “कंपनीचे नाव सांगितल्यावर समोरच्याला पुढचा प्रश्न पडता कामा नये,” असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते हसण्यावारी नेता येत नाही. मात्र आपण प्रतिष्ठा ही एकच गोष्ट आहे असे धरून भांडतो, असे मला वाटते. सोयऱ्यांच्या नजरेतील प्रतिष्ठा वेगळी, बँकेच्या काउंटरवरची वेगळी आणि पुढच्या नोकरीच्या वेळी समोर बसणाऱ्याच्या मनातील वेगळी. या तिघांपैकी कोणासाठी मुलीने पहिली दोन-तीन वर्षे खर्च करायची, हे ठरवायला आपल्या अनुभवांची मदत व्हावी.

भुसावळ जंक्शन (भुसावळ):

आपल्या दाजींची बाजू मांडणारे इथे फार जण भेटणार नाहीत, म्हणून मी मांडतो. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. आमच्या काळी भुसावळ-वरणगाव पट्ट्यात मुलगा रेल्वेत, ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात लागला, की घर मार्गी लागले असे मानत. त्या मानामागे ठोस कारणे होती. क्वार्टर होते, पास होता, दवाखाना होता, आणि निवृत्तीनंतर पेन्शन होते. वडील अचानक गेले तर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरीचा अर्ज करता येत असे. कोरडवाहू शेतीतून आलेल्या कुटुंबाला यापेक्षा मोठे काय हवे होते?

१ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत येणाऱ्यांना जुनी पेन्शन राहिली नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझे मत बदललेले नाही. ज्या घराला एका पगाराचा खंड सोसणार नाही, त्या घरातील मुलाने मोठ्या नावाच्या सावलीत उभे राहावे. धोका पत्करण्याचे कौतुक करणाऱ्यांच्या घरी बहुधा शहरात स्वतःचा फ्लॅट असतो.

चोपडेकर (सध्या पुणे):

मी गेली बरीच वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी माणसे निवडण्याचे काम करतो, त्यामुळे तापीकाठ यांच्या तिसऱ्या नजरेबद्दल, म्हणजे पुढच्या नोकरीच्या वेळी काय घडते याबद्दल, सविस्तर लिहितो.

एखाद्या जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, तेव्हा पहिल्या फेरीत अर्ज वाचले जात नाहीत, चाळले जातात. नोकरीच्या संकेतस्थळांवर अनुभवाची वर्षे, तंत्रज्ञान, शहर, नोटीस पीरियड आणि सध्याची कंपनी अशा चाळण्या असतात. माझ्यासारखा माणूस वेळ वाचवण्यासाठी कंपनीच्या नावाची चाळणी लावतो, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील संकेतांविषयी जो सिद्धान्त मांडला आणि ज्याला पुढे २००१ मध्ये नोबेलच्या रूपाने मान्यता मिळाली, त्याचा गाभा हाच आहे: उमेदवाराची खरी कुवत बाहेरून दिसत नाही, म्हणून मालक तिची खूण शोधतो. स्पेन्सचा मुख्य दाखला शिक्षणाचा होता, परंतु कंपनीचे नावही आज तशीच खूण झाले आहे.

आता यातली मेख पाहा. खूण कामाची ठरते ती दुर्मीळ असेपर्यंत. काही मोजक्या कंपन्या अशा आहेत की तिथे प्रवेश मिळणेच अवघड असते. त्या नावाचा उपयोग उमेदवाराला पुढे अनेक वर्षे होतो. परंतु जी सेवा कंपनी एका वर्षात हजारोंच्या संख्येने नवी मुले घेते, तिचे नाव मला उमेदवाराविषयी फारसे काही सांगत नाही. इतकेच कळते की मुलाने एक चाचणी दिली, त्याची कागदपत्रे खरी आहेत आणि तो शिस्तीत काम करू शकतो. हे तपासलेले असणे निरुपयोगी नाही, विशेषतः ज्याचे महाविद्यालय पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नाही त्याच्यासाठी. पण दोन वर्षांनी मी त्याला विचारतो, “तुम्ही स्वतः काय केले?” आणि त्याचे उत्तर “मी सपोर्ट प्रोजेक्टवर होतो, तिकिटे (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) बंद करत होतो” एवढेच असेल, तर नावाचा उपयोग तिथे संपतो. माझ्यासमोर अशी खूप मुले येतात आणि त्यांचे वाईट वाटते, कारण मुले हुशार असतात, फक्त त्यांच्या वाट्याला काम आलेले नसते.

दुसऱ्या बाजूने स्टार्टअपचे अनोळखी नाव पाहून अर्ज पहिल्या चाळणीत गळतो, हेही खरे आहे. त्याला उपाय आहे. ज्याने छोट्या कंपनीत काम केले त्याने अर्जात कंपनीच्या नावाखाली एका ओळीत ती काय करते हे लिहावे आणि त्याखाली आपण काय उभे केले ते मोजता येईल अशा भाषेत लिहावे. ‘डॅशबोर्ड विकसित केला’ असे वाक्य रोज शंभरदा वाचनात येते. ‘कंटेनरमधील सेन्सरचे नेटवर्क तुटले असतानाही नोंदी साठवून नंतर पाठवणारी व्यवस्था लिहिली’ असे वाचले की मी फोन उचलतो. शिवाय छोट्या कंपन्यांतील माणसे पुढे नोकऱ्या बदलून जातात आणि जुन्या सहकाऱ्यांना नावानिशी बोलावून घेतात; त्या वाटेने आलेल्या अर्जाला चाळणी लागत नाही.

भुसावळ जंक्शन काका, सावलीविषयी एकच सांगतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्यात मधल्या व वरिष्ठ पदांवरील लोक प्रामुख्याने होते. ज्या कंपनीतील नोकरी म्हणजे जवळजवळ सरकारी, असे आपल्याकडे समजत, तिथली ही बातमी आहे. कंपनी बलाढ्य आहे म्हणून त्यातली प्रत्येक खुर्ची बलाढ्य आहे, असे आता म्हणता येत नाही.

अमळनेरकर (अमळनेर):

स्टार्टअप हा शब्द नवा असला तरी आमच्या गावाने ती गोष्ट पाहिलेली आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाची कंपनी सुरू केली. तीच आजची विप्रो. त्या काळात मान होता तो कापडगिरणीतल्या नोकरीला. अमळनेर, धुळे, चाळीसगाव ही गिरण्यांची गावे होती. नव्याने आलेल्या तेलाच्या कारखान्यात जाणारा माणूस गिरणीतल्या माणसापेक्षा वरचढ समजला जात असेल, असे मला वाटत नाही. १९६६ मध्ये वडील वारल्यावर अझीम प्रेमजी वयाच्या एकविसाव्या वर्षी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले आणि पुढे कंपनी संगणकाच्या व्यवसायात गेली. गावातल्या ज्या कुटुंबांनी जुने शेअर न विकता ठेवले, त्यांची पुढे काय स्थिती झाली, हे खान्देशात सर्वांना माहीत आहे.

जळगावातही पुढे जैन इरिगेशन उभी करणाऱ्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली होती. ‘पोरगा जैनमध्ये लागला’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाण्यासाठी पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. कंपनी लहान असताना जे आत शिरले, त्यांना ती मोठी झाल्यावर मान मिळाला.

सातपुडा पायथा (यावल, सध्या नाशिक):

अमळनेरकर दादा, आपले उदाहरण मलाही आवडते, परंतु त्यात एक अडचण आहे. त्याच काळात सुरू झालेल्या आणि आज कोणाला नावही न आठवणाऱ्या तेल गिरण्यांच्या कामगारांची गोष्ट सांगायला कोणी उरलेले नाही. शिवाय त्या कुटुंबांचे भले शेअर धरून ठेवल्यामुळे झाले. कारखान्यात नुसता पगार घेणाऱ्याचे तसे झालेले नाही, आणि स्टार्टअपच्या चर्चेत नेमकी हीच गल्लत होते.

मी स्वतः एका स्टार्टअपमध्ये काम केले आहे. नाव घेत नाही. गुंतवणूक आली तेव्हा आम्ही दहाचे साठ झालो, काचेच्या भिंतींचे ऑफिस झाले, आणि गावी गेल्यावर वर्तमानपत्रात फोटो आलेली कंपनी म्हणून थोडा मानही मिळू लागला. नंतर पुढची गुंतवणूक आली नाही. आधी पगार महिन्याच्या पाच तारखेऐवजी वीस तारखेला होऊ लागला. मग चहाचे मशीन परत गेले. पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात दिसत होती, पण ईपीएफओच्या पासबुकात काही महिन्यांच्या नोंदीच नव्हत्या. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत जमा व्हायला हवी, हे मला तेव्हा एका सहकाऱ्याने सांगितले. कंपनी बंद झाली, तेव्हा अनुभवाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी संस्थापकांच्या मागे लागावे लागले, कारण मनुष्यबळ विभागातील बाई आमच्याही आधी सोडून गेल्या होत्या.

हे सगळे सांगूनही मी त्या नोकरीविषयी वाईट बोलणार नाही. ग्राहकाशी बोलणे, त्याची अडचण ऐकून त्याच आठवड्यात काहीतरी तयार करणे, रात्री बिघडले तर स्वतः दुरुस्त करणे, किंमत का वाढवली याचा हिशेब ऐकणे, हे सारे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी करायला मिळाले. आज मी ज्या मोठ्या कंपनीत आहे तिथे माझ्या वयाचे लोक यातली एखादीच गोष्ट करतात. मुलाखतीत मला बंद पडलेल्या कंपनीबद्दल खोदून विचारण्यात आले, पण ती का बंद पडली हे मी आकड्यांसह सांगू शकले आणि तेच पॅनेलला पटले.

तापीकाठ दादा, मुलगी आहे म्हणून आणखी काही गोष्टी सांगते. चौदा माणसांत महिला किती आहेत, रात्री थांबावे लागते का, थांबल्यास घरी सोडण्याची व्यवस्था आहे का, हे तिने संकोच न करता विचारावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती आहे का, एवढे विचारल्यावर समोरचा माणूस कसे उत्तर देतो, त्यावरून खूप काही समजते.

केळीवाला (सावदा):

धागा वाचतो आहे. सेन्सरबद्दलचा प्रश्न अगदी बरोबर विचारला आहे. मुलीला शुभेच्छा!

धुळेकर लेखापाल (धुळे):

ईसॉपविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून माझ्या व्यवसायातील माहिती देतो. घरात ‘पाच लाख चाळीस हजार आणि वर शेअर’ असे बोलले जात असेल, तर ते आधी थांबवा.

ईसॉप म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी शेअर घेण्याचा तो हक्क आहे. कायद्यानुसार हक्क दिल्यापासून किमान एक वर्ष तो वापरता येत नाही आणि प्रघात असा आहे की तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पदरात पडतो. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर हाती शून्य. नोकरी सोडल्यावर मिळालेला हक्क किती दिवसांत वापरायचा, हे योजनेच्या कागदात असते. बऱ्याच ठिकाणी ही मुदत फार थोडी असते आणि तोवर शेअर घेण्यासाठी लागणारे पैसे जवळ नसतात.

१,२०० हा आकडा एकटा काहीही सांगत नाही. कंपनीचे एकूण शेअर किती, हे पत्रात लिहिले आहे का? समजा एकूण दहा लाख शेअर आहेत, तर तिचा वाटा ०.१२ टक्के झाला. समजा चार वर्षांनी कंपनी ५० कोटींना विकली गेली. गुंतवणूकदारांनी २० कोटी घातले आहेत आणि ते आधी वेगळे काढून मग उरलेल्यात सर्वांनी वाटा घ्यायचा, असा त्यांचा करार आहे. उरले ३० कोटी. त्याचे ०.१२ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, तेही हक्काची किंमत व कर वजा करण्याआधी आणि मधल्या काळात नवे शेअर निघाले नाहीत असे धरून. चार वर्षांत वाटून पाहिले तर वर्षाला ९० हजार. वाईट नाही, पण दोन्ही पत्रांच्या पगारात आजच वर्षाला १ लाख ८० हजारांचा फरक आहे, म्हणजे खरी जमेची बाजू रोख पगारात आहे.

करही दोनदा लागतो. हक्क वापरून शेअर घेतले की त्या दिवशीचे बाजारमूल्य आणि आपण मोजलेली किंमत यांतील फरक पगारात धरला जातो, शेअर विकून एक रुपयाही हाती आलेला नसला तरी. पुढे विकल्यावर नफ्यावर भांडवली लाभाचा कर वेगळा. पगारात धरलेला कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० च्या अर्थसंकल्पाने दिली, परंतु ती आयकर कायद्याखालील वेगळे प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरती आहे. केवळ ‘स्टार्टअप इंडिया’ची मान्यता असणे त्यासाठी पुरेसे नाही.

ईसॉपने लोकांचे आयुष्य बदलले, हे खोटे नाही. २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीची नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदणी झाली तेव्हा तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाल्याचे संस्थापकांनीच सांगितले होते. त्याच देशात बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. कागदावरचे शेअर दोन्हीकडच्या लोकांजवळ होते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सांगतो की ईसॉपची किंमत शून्य धरून पगार पटतो का ते पाहा, आणि पटला तरच पुढे बोला.

आणखी एक गोष्ट चौदा या आकड्यामुळे लिहावीशी वाटते. पीएफचा कायदा वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना बंधनकारकपणे लागू होतो. चौदा माणसांच्या कंपनीने तो स्वेच्छेने घेतलेला असू शकतो, पण गृहीत धरू नये. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून लागू होतो, तो इथे लागू असेल. आरोग्य विमा कंपनी देते का आणि त्यात आई-वडील येतात का, हे विचारून घ्यावे.

कंपनी किती दिवस तग धरेल, हे पाहण्याचा मार्गही आहे. खासगी मर्यादित कंपनीचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून पाहता येतात. ताळेबंदातील बँकेची शिल्लक आणि वर्षाचा तोटा या दोन आकड्यांचा भागाकार केला की अंदाज येतो. तो ताळेबंद मागील मार्चचा असतो, म्हणून त्यानंतर पैसे आले का हे मुलीने थेट विचारावे. नव्या कर्मचाऱ्याने असे विचारू नये, असे आपल्याकडे वाटते. माझ्या मते ज्या संस्थापकाला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे जाऊच नये.

राहिली बँक. गृहकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या वेळी बँका मालकांची वर्गवारी करतात आणि नामवंत कंपनीच्या कर्मचाऱ्याला कर्ज लवकर, काही वेळा थोड्या कमी व्याजानेही मिळते. हा फरक खरा आहे. पण पहिल्याच वर्षी घर घ्यायचे नसेल तर तो आज मोजण्यात अर्थ नाही. दोन वर्षांचे फॉर्म १६, नियमित पगार जमा झालेले खाते आणि न चुकलेले हप्ते असतील, तर छोट्या कंपनीच्या माणसालाही कर्ज मिळते, फक्त कागद जास्त मागतात.

भुसावळ जंक्शन (भुसावळ):

लेखापाल साहेबांचा हिशेब वाचून माझे मत आणखी पक्के झाले! इतके सगळे तपासण्याची अक्कल आणि हिंमत बाविसाव्या वर्षी किती जणांकडे असते? मोठ्या कंपनीत हे कोणाला तपासावे लागत नाही, आणि माझ्या मते नावाची किंमत तीच आहे.

नवापूर नाका (नंदुरबार):

काकांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मला दर महिन्याला जाणवतो, कारण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. नंदुरबारला आमची नऊ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. चांगला मुलगा मिळाला, पगार ठरला, की दुसऱ्या दिवशी त्याचे वडील येतात. ते ऑफिस पाहतात, खाली दुकान आणि वर आम्ही हे पाहून त्यांचा चेहरा उतरतो, आणि शेवटी विचारतात, “साहेब, पुण्यात शाखा आहे का?” पुण्यात शाखा असती तर त्यांच्या मुलाला मी नंदुरबारात कशाला बोलावले असते, हे मनातच ठेवतो. सोयरीक जुळवताना “पोऱ्या काय करस?” या प्रश्नाला आमच्या कंपनीचे नाव हे उत्तर होऊ शकत नाही, हे मला कळते. दोन मुलांनी पगार जास्त असूनही याच कारणाने नकार दिला. एकाने तर स्पष्ट सांगितले की, लग्न झाल्यावर येतो.

१६ जानेवारी २०१६ ला ‘स्टार्टअप इंडिया’ जाहीर झाल्यापासून हा शब्द तालुक्यापर्यंत पोहोचला, पण त्याचा मान मात्र बेंगळुरू-पुण्याच्या कंपन्यांपाशीच अडकला. गावाकडची छोटी कंपनी अजूनही ‘बेकारीतून काढलेला उद्योग’ समजली जाते. तमिळनाडूत झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने तेनकाशीजवळच्या खेड्यात कार्यालय थाटले आणि तिथल्या मुलांना तिथेच काम दिले. परंतु झोहो तोवर आधीच मोठी झालेली होती, हेही लक्षात घ्यायला हवे. नाव आधी मिळाले, मग गावात येणे कौतुकाचे ठरले. आमच्यासारख्यांना तो क्रम उलटा करून दाखवायचा आहे आणि तोवर आम्हाला पगार वेळेवर देऊनच विश्वास मिळवावा लागेल.

आपल्या भाचीविषयी माझे मत तिने त्या पुण्याच्या कंपनीत जावे असेच आहे, मात्र कारण वेगळे आहे. पुण्यातील सॉफ्टवेअरवाल्यांना केळीचा घड आणि फणी यांतला फरक ठाऊक नसतो. तिला तो ठाऊक आहे. सेवा कंपनीत तिच्या या माहितीची किंमत शून्य आहे, तिथे ती हजारांतली एक. इथे ती चौदांतली एकटी आहे जिला ग्राहकाचे दुखणे न सांगता समजते. अशी जागा पहिल्या नोकरीत फार कमी मुलांना मिळते.

चोपडेकर (सध्या पुणे):

नवापूर नाका यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. फक्त एक अट घालतो: तिच्यावर लक्ष ठेवणारा, तिचा कोड वाचून चुका दाखवणारा किमान एक अनुभवी अभियंता त्या चौदांत असावा. तो नसेल तर ती दोन वर्षांत खूप काम करेल, पण ते चुकीच्या पद्धतीने करायला शिकेल, आणि हे मला मुलाखतीत पाच मिनिटांत दिसते. सेवा कंपन्यांचे प्रशिक्षण कंटाळवाणे असले तरी पाया शिकवते, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही.

तापीकाठ (जळगाव):

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाने कोणी लिहील असे वाटले नव्हते. हा सारा धागा मी दाजींना वाचून दाखवला. भुसावळ जंक्शन काकांच्या दोन्ही प्रतिसादांवर त्यांनी समाधानाने मान हलवली, हे काकांना कळवणे माझे कर्तव्य आहे.

भाचीने लेखापाल साहेबांचे आणि यावलच्या ताईंचे प्रश्न एकत्र करून स्टार्टअपला ईमेल पाठवला. संस्थापकांनी स्वतः फोन केला. एकूण शेअरचा आकडा त्यांनी सांगितला. तो दहा लाखांपेक्षा बराच जास्त निघाला, त्यामुळे ईसॉपचे स्वप्न घरात आपोआप उतरले. हाती असलेल्या पैशांत साधारण दीड वर्ष निघेल, असे ते म्हणाले. पीएफ घेतलेला नाही, पण आई-वडिलांसह आरोग्य विमा आहे. अंतर्गत समिती स्थापन झालेली नाही, हे त्यांनी मान्य केले आणि ती करू असे लेखी कळवले. दोन अनुभवी अभियंते आहेत, त्यांतील एकीच्या हाताखाली ही काम करेल.

दीड वर्षाचा आकडा ऐकून दाजी आधी गप्प झाले, मग म्हणाले की केळीची लागवड करतानाही आपल्याला याहून जास्त खात्री नसते, आणि व्हायरस आला तर तीही नाही. त्यांनी होकार दिला आहे असे नाही, पण विरोध सोडला आहे. सेवा कंपनीचे पत्र तिने अजून नाकारलेले नाही, कारण तिथली रुजू होण्याची तारीख आलेली नाही. स्टार्टअपमध्ये रुजू होऊन ते पत्र तसेच ठेवावे की आधीच कळवून टाकावे, यावर मात्र घरात नव्याने मतभेद झाले आहेत.

चोपडेकर (सध्या पुणे):

कळवून टाकावे. रुजू होण्याआधी नकार दिल्यास भरपाईचा करार बहुधा लागू होत नाही, तरी तिने त्या पत्रातील कलम एकदा वाचावे, आणि नकार विनम्र शब्दांत, ईमेलनेच द्यावा. एकाच वेळी दोन ठिकाणी रुजू असल्याची नोंद झाली, तर पुढच्या प्रत्येक पार्श्वभूमी तपासणीत ती निघते आणि तिचे स्पष्टीकरण देणे फार जड जाते. तीन वर्षांनी तिला त्याच कंपनीत जावेसे वाटले, तर आज दिलेला नकार आड येणार नाही. तेव्हा ती अनुभवी उमेदवार म्हणून जाईल आणि पगाराची बोलणी वेगळ्या आकड्यापासून सुरू होतील. जाता जाता, नव्या कंपनीकडून नियुक्तीपत्रात पदनाम ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असेच लिहून घ्या. छोट्या कंपन्या हौसेने ‘प्रॉडक्ट निन्जा’ वगैरे लिहितात आणि मग आमच्या चाळणीत ती मुले सापडतच नाहीत.